आपल्या

2025च्या 20 जुलैच्या रविवारी, चर्चमधल्या सकाळच्या मराठी मिस्सेत, म्हणजे प्रार्थनाविधीत, पहिल्या बाकावर बसल्या बसल्या मी एका कागदावरचे अडीच शब्द खोडले. लाल पेनाने खोडले, कारण माझ्या पर्समध्ये दुसऱ्या रंगाचं पेन नसतं. 31 वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले तरी ती खोड गेलेली नाही. कागद नेहमीचाच, अर्ध्या पानावर टाइप केलेला. प्रवचन झालं की वाचायच्या पाच प्रार्थना. पोप लिओ आणि धर्मगुरूंसाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, मरण पावलेल्यांसाठी. मधली, तिसरी, अशी होती: 'गाझा, युक्रेन, सुदान आणि आपल्या मणिपूरमध्ये हिंसाचाराने होरपळलेल्या सर्वांसाठी.' मी 'आणि आपल्या मणिपूर' एवढ्यावर रेघ मारली. मग 'मध्ये' तेवढं लोंबकळायला लागलं, म्हणून बाण काढून ते सुदानला जोडलं. युक्रेनच्या आधीचं-नंतरचं बघितलं, एक स्वल्पविराम उडवला, तिथे 'आणि' घातलं. मुलांच्या वहीत करायचे अगदी तसं. म्हणजे जे केलं ते केलं, पण व्याकरण सांभाळून केलं.

मला कुणीही हे करायला सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं, की मागे दाराजवळच्या बाकावर दोन तरुण येऊन बसले होते. पायाशी हेल्मेटं, अंगावरून निथळणारे रेनकोट. आमच्या मराठी मिस्सेला सत्तर-ऐंशी माणसं येतात, इंग्रजी मिस्सेची गर्दी आमच्याकडे नसते, त्यामुळे चेहरा चुकला तरी लगेच कळतं. हे दोघे ओळखीचे नव्हते. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्यातल्या एकाने मोबाईल छातीसमोर उभा धरला होता, वेदीच्या दिशेने. मी एकदा वळून पाहिलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा पुढ्यातला कागद मला वेगळाच दिसायला लागला. प्रार्थनेत घुसून गोंधळ घातल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत इतक्या वाचल्यात की आता त्या वाचत नाही, नुसत्या मोजते. पावसाळी अधिवेशनात धर्मांतरविरोधी कायद्याची भाषा झाली होती, ती ताजी होती. गाझा म्हटलं तर कोण काय बोलणार, ते लांब. पण मणिपूर? मोबाईलमध्ये माझा चेहरा, माझा आवाज, आणि 'मणिपूर'. मी पेनाचं टोपण काढलं.

गंमत अशी, की त्या दिवशीचं पहिलं वाचन बायबलातल्या उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातलं होतं. भर दुपारी अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलाय, समोर तीन अनोळखी माणसं उभी. तो उठून धावत जातो, वाकून नमस्कार करतो, पाय धुवायला पाणी आणतो, झाडाखाली बसवतो, भाकरी करायला बायकोला घाई करतो, दही-दूध पुढे ठेवतो. कोण तुम्ही, कुठले, असं एका शब्दाने विचारत नाही. हे वाचन मी कान देऊन ऐकलं, आवडलंही, आणि ते संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मागच्या दोघांना भिऊन रेघ मारली.

मग उठले, माईकपाशी गेले, वाचलं. गाझा, युक्रेन आणि सुदानमध्ये. लोक म्हणाले, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." त्याच चालीत, त्याच शेवटच्या हेलाने. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ज्यांनी कागद टाइप केला ते फादरही वेदीवर डोळे मिटून होते. मिस्सा संपल्यावर पडवीत छत्र्या उघडायची झुंबड उडाली, आणि ते दोघे मला ऑफिसच्या खिडकीशी दिसले. बहिणीच्या साखरपुड्यासाठी चर्चचा हॉल मिळतो का, भाडं किती, आणि नॉन-व्हेज चालतं का, एवढं त्यांना हवं होतं. ऑफिस मिस्सेनंतर उघडतं म्हणून पावसातून आत येऊन बसले होते. मोबाईलवाला आईला व्हिडिओ कॉलवर चर्च दाखवत होता. "आतून मस्त आहे गं, एकदम गार," हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

घरी येऊन मटण चढवलं आणि तो कागद पर्समधून काढून फ्रीजवर ठेवला. टाकवेना. शेगडीपाशी उभी राहून एकच हिशोब करत होते, की दोन अनोळखी मुलं त्या दिवशी आलीच नसती तर मी ते शब्द वाचले असते का. वाचले असते, असं मन म्हणत होतं. पण मग इतक्या चटकन, इतक्या सफाईने, बाण-बिण काढून खोडता कसं आलं? ती सफाई एका दिवसाची नव्हे.

त्याच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट सांगायला हवी. गुरुवारी, 17 जुलैला, गाझातल्या होली फॅमिली चर्चवर तोफगोळा पडला. गाझातलं ते एकमेव कॅथलिक चर्च. तीन माणसं गेली, तिथल्या अर्जेंटिनाच्या फादरांच्या पायाला लागलं. भरकटलेला गोळा होता, असं इस्रायलने सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या वहिनी अळूवड्यांची ताटली घेऊन आल्या. (शाळेत मी जन्मभर 'बाई' होते, पण सोसायटीत 'टीचर' आहे. ख्रिश्चन बाई मराठीची बाई कशी असेल, ती टीचरच.) वहिनी दारातच म्हणाल्या, "टीचर, तुमच्या चर्चवर बॉम्ब पडला म्हणे तिकडे. फार वाईट वाटलं बघा." खरंच वाटलं होतं त्यांना, डोळे भरून आले होते. मी "हो ना" म्हटलं आणि ताटली घेतली. तुमच्या. त्या चर्चमधली माणसं अरब. ती प्रार्थना करतात अरबीत, आणि देवाला 'अल्ला' म्हणतात, कारण अरबीत देवाला तोच शब्द. हे वहिनींना सांगितलं असतं तर ताटली परत गेली नसती, पण त्यांचा चेहरा जरा बुचकळ्यात पडला असता. मी नाही सांगितलं. अळूवडी गरम होती, त्यांच्या हातची चिंच-गुळाची वडी मला फार आवडते, आणि कुणी माझ्यासाठी हळहळतंय तर त्यात दुरुस्त्या कशाला सुचवायच्या?

नंतर सुचलं ते असं, की मणिपूर पेटलं तेव्हा वहिनी काही म्हणाल्या नव्हत्या. साहजिक आहे, ते 'तुमचं' की 'आमचं' हे त्यांना ठरवता आलं नसेल. पण मी तरी कुठे काही म्हटलं होतं!

सातवीला सर्वनामं शिकवताना माझा एक ठरलेला खेळ असायचा. फळ्यावर दोन वाक्यं लिहायची. 'आम्ही उद्या येऊरला जाणार.' 'आपण उद्या येऊरला जाणार.' आणि विचारायचं, डबा कुणी-कुणी आणायचा? पहिल्या वाक्याला वर्ग गप्प, दुसऱ्याला सगळे हात वर. बस्स, व्याकरण झालं. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. हिंदीच्या 'हम'मध्ये ही सोय नाही, इंग्रजीत तर नाहीच, गुजरातीत आहे. मुलं पुढे आपापसात वापरायची, "ए, आम्ही म्हणाला तो, आपण नाही, चल." एका वर्षी एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, मग तुमच्या प्रार्थनेत काय म्हणता, आपला देव की आमचा देव?" वर्ग हसला. मी म्हटलं, आमच्या. 'हे आमच्या स्वर्गीय पित्या.' आणि म्हणता म्हणता माझंच मला नवल वाटलं. लहानपणापासून रोज म्हणत आलेली ओळ. बोलतोय पित्याशी, म्हणजे ऐकणारा तो. तो काही 'आमच्या'त धरायचा नाही. व्याकरण चोख आहे. पण मग 'आमच्या'त आहे तरी कोण? वसईच्या आमच्या घरात आजी, काका-काकू, आम्ही नऊ पोरं आणि ओटीवर झोपलेला कुत्रा, एवढे तरी नक्की होते. संध्याकाळची घंटा झाली की आजी केळीच्या बागेतून हात पुसत यायची, कंदील खाली करायची आणि जपमाळ सुरू व्हायची. शेवटी तिची स्वतःची यादी असायची. आजारी म्हैस, मुंबईला कामाला गेलेला मुलगा, समोरच्या आळीतली बाळंतीण, ती कुठल्या जातीची-धर्माची हे न बघता. यरुशलेमही असायचं त्यात. यरुशलेम आगाशीच्या पलीकडे कुठेतरी आहे असा माझा दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत समज होता, आणि आजीचाही फार वेगळा नसावा.

त्या यरुशलेमचं आता काय करायचं हे मला कळत नाही. माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चुलतभाऊ आहे, परदेशात असतो, त्याच्या लेखी बायबलमधलं इस्रायल आणि आजचं इस्रायलचं सरकार यात तसूभर फरक नाही. निवडलेली प्रजा म्हणजे निवडलेली प्रजा. 2023च्या नाताळात बेथलेहेमच्या लुथरन चर्चने येशूबाळाला गव्हाणीऐवजी सिमेंटच्या ढिगाऱ्यात ठेवलं होतं, तो फोटो मी ग्रुपवर टाकला. आम्ही लहानपणी गोठा करायचो तो भाताच्या पेंढ्याचा, त्याला पेंढ्याचाच वास यायचा. या फोटोला बघूनच नाकात धूळ गेल्यासारखं वाटत होतं. भावाने त्यावर एक अंगठा सुद्धा दाखवला नाही. पोप फ्रान्सिस गाझातल्या त्या चर्चला रोज संध्याकाळी फोन करायचे, कसे आहात, आज काय जेवलात, असं विचारायचे. वारले त्याच्या दोन दिवस आधीपर्यंत करत होते. तेही टाकलं. त्यावर हात जोडलेले आले भरपूर, भावाचेही. पोप 'आपले' ना. ज्यांना ते फोन करत होते ते मात्र कुणाचे, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

याच भावाने एकदा ठाण्याची ती जुनी गोष्ट पाठवली, लाल अक्षरांत, उद्गारचिन्हांसह. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. बघा, तेव्हापासून हे असंच, असा मजकूर. तुझ्याच ठाण्यात, ताई, असंही खाली.

माझ्याच ठाण्यात, हे बरोबर. पण गोष्ट अर्धीच होती, आणि अर्धी गोष्ट पाठवणाऱ्या माणसाचा मला पेपर तपासणारीचा राग येतो. थोरांच्या निधनावर चार ओळी आणि कारणमीमांसेला शून्य. पूर्ण गोष्ट ओदोरिक नावाच्या संन्याशाने लिहून ठेवलीय. तो त्या घटनेनंतर थोड्याच काळात ठाण्याला आला आणि त्या चौघांची हाडं उचलून थेट चीनला घेऊन गेला. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातला, दिमेत्रियस. निघाले होते दक्षिणेकडे, वादळाने ठाण्याच्या बंदराला लागले. इथल्या एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबात उतरले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं. सकाळी बाई काझीकडे गेली. काझी म्हणाला, पुरावा? ती म्हणाली, घरात चार पाहुणे होते, त्यांनी पाहिलंय. असे ते बोलावले गेले. पीटर सामानाची राखण करत घरी थांबला, बाकीचे तिघे गेले. दिमेत्रियसला भाषा येत असत, तो दुभाष्या. मग साक्ष राहिली बाजूला, गोष्ट धर्मावर गेली, वाद पेटला, एप्रिल महिन्यात तिघे मारले गेले आणि दोन दिवसांनी चौथाही. पुढे दिल्लीच्या सुलतानाने त्या मारणाऱ्या अधिकाऱ्यालाच देहदंड दिला, असंही ओदोरिकच सांगतो. ते मात्र भावाच्या लाल अक्षरांत नव्हतं.

आपल्याकडे मराठीत अशा माणसांना 'रक्तसाक्षी' म्हणतात. लहानपणी प्रवचनात हा शब्द आला की अंगावर काटा यायचा आणि समोर सिंह दिसायचे. ठाण्याचे रक्तसाक्षी सिंहापुढे नाही गेले. मार खाल्लेल्या एका बाईने बोलावलं म्हणून गेले, आम्ही पाहिलं एवढंच सांगायला. त्या बाईचं पुढे काय झालं हे ओदोरिकने लिहिलेलं नाही. मला तेच जास्त हवं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकदा कोर्टनाक्याकडे काम होतं, ते आटोपून तलावपाळीला जाऊन बसले. पाऊस उघडलेला. एका अंगाला कौपिनेश्वर, दुसऱ्या अंगाला सेंट जॉन बाप्टिस्ट, मध्ये मासुंदा. ओल्या कठड्यावर रुमाल टाकून बसायचं आणि कणीस घ्यायचं, कणीसवाला लिंबाच्या फोडीने मीठ-तिखट चोळतो तेव्हा निखाऱ्यावर एक-दोन थेंब पडून चर्र होतं, तो वास मला ठाण्याचा वास वाटतो. होड्या प्लास्टिकने झाकलेल्या. देवळातून घंटा येत होती, चर्चच्या बाजूने शाळा सुटल्याचा गलका. सातशे वर्षांपूर्वीचं बंदर कुठे असेल, खाडी तेव्हा कुठवर असेल, ते घर कुठल्या गल्लीत असेल, असं काहीबाही मनात येत होतं. आसपास शंभर एक माणसं बसलेली. त्यातल्या कुणाला 1321 विचारलं असतं तर वेड्यातच काढलं असतं. आणि तेच बरं आहे असंही वाटलं. ज्याला-त्याला ती गोष्ट कळली तर तिची लाल अक्षरं व्हायला किती वेळ लागणार? पोर्तुगीजांनी वसईत काय केलं तेही कुणीतरी मग काढेल, आणि ते काही खोटं नसेल. मला चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणाचाही जाब द्यायचा नाही. तरी देत असते मनात. बसमध्ये कुणी आडनाव विचारलं की सुरू होतं. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला आमचे फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे मी वाटले होते, जसं काही मीच अध्यक्ष झाले. आणि विरोधाचे सूर उमटले तेव्हा मान खाली घातली, तीही मीच.

मणिपूरचं म्हणाल तर माझ्यासाठी ते बातमीतलं नाव नाही, हे जास्त बोचतं. मी केस कापायला जाते त्या पार्लरमध्ये चुराचांदपूरकडची एक मुलगी आहे. "तू नेपाळी का गं?" असं गिऱ्हाइकं विचारतात, ती "नहीं, इंडिया" म्हणते आणि मान पुढे ढकलते, म्हणजे आमची मान, बेसिनकडे. 3 मे 2023ला तिकडे हिंसाचार पेटला, त्यानंतरच्या दिवसांत तिचं घर जळालं. तिने फोटो दाखवला होता. काळी जमीन, वाकलेले पत्रे, आणि मधोमध सिमेंटच्या चार पायऱ्या, धड. वर काहीच नाही, नुसत्या पायऱ्या. "ये अपना घर," ती म्हणाली. गाझाचे फोटो पाहताना मला त्या चार पायऱ्या आठवतात, उलट नाही. तिकडचं कुकी आणि मैतेई या दोन समाजांचं भांडण नुसतं धर्माचं नाही हे मला ठाऊक आहे, जमिनीचं आहे, आरक्षणाचं आहे, डोंगर आणि खोऱ्याचं आहे. चर्चं जळली तशी देवळंही जळली, आणि मैतेई ख्रिश्चनांची चर्चं त्यांच्याच खोऱ्यात जळली. 250हून जास्त माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास घराबाहेर पडली. हे सगळं सांगायला वाक्य अपुरं पडतं, म्हणून तर कागदावर नुसतं 'होरपळलेल्या सर्वांसाठी' होतं. त्यात खोडण्यासारखं काय होतं?

घाबरायचं कधी शिकले याचा छडा लावायला बसले तर मला एक निळ्या झाकणाचा सिपर दिसतो. 2020च्या नोव्हेंबरात सासरे आमच्याकडे होते. पार्किन्सन्स. चहाचा कप तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मा बशीत, निम्मा सदऱ्यावर. नवऱ्याने लहान मुलांचा असतो तसा सिपर आणला. पप्पांनी आधी दोन दिवस रागाने तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी घेतला. त्याच्या टोचीवर त्यांच्या दातांचे वण उमटले होते, आणि आतल्या स्ट्रॉला रात्रीच्या दुधाचा वास धरायचा, तो काढायला मी जुनं टूथब्रश ठेवलं होतं. त्याच महिन्यात तळोजाच्या तुरुंगातून एल्गार परिषद प्रकरणात अटकेत असलेले 83 वर्षांचे जेजुइट फादर स्टॅन स्वामी स्ट्रॉ आणि सिपर मागत होते. तेही पार्किन्सन्सचे. कोर्टात अर्ज गेला, उत्तर द्यायला तपासयंत्रणेला वीस दिवस मिळाले. आरोप खरे की खोटे हे ठरवणारी मी कोण. ते ठरायच्या आधीच, 5 जुलै 2021ला, ते वारले. पण ते वीस दिवस मी आमच्या बेसिनपाशी तो स्ट्रॉ घासत होते, आणि शीळफाट्यावरून गेलं तर अर्ध्या-पाऊण तासावर तो तुरुंग होता. नवरा म्हणाला, यावर ग्रुपवर काही लिहू नकोस. मुलगा फोनवर तेच म्हणाला. मी म्हटलं, छे, मी कशाला लिहिते! आणि खरंच नाही लिहिलं. रेघ मारायची सवय बहुतेक तिथली. त्या वेळी कागद नव्हता एवढंच.

माझी वाचनाची पाळी पुन्हा आली ती 17 ऑगस्टला. आदल्या दिवशी दहीहंडी झालेली, ठाण्यात दहा थर लागल्याची बातमी सगळीकडे. रिक्षा चिखलातून, फाटक्या पताकांतून, चपटलेल्या पाण्याच्या बाटल्यांवरून जात होती, आणि पाऊस असा की समोरची काच वायपरला दाद देत नव्हती. रिक्षावाला रात्रभर झोपला नव्हता, गोविंदा पथकात होता, चौथ्या थराला. खांदे दाखवत होता सिग्नलला. माझ्या पर्समध्ये जुना कागद होता. ठरवून आले होते, आज नीट वाचायचं.

साक्रिस्टीत, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीत, नवा कागद हातात पडला आणि मी दोनदा उलटसुलट करून पाहिला. स्वातंत्र्यदिन होऊन गेलेला, म्हणून देशासाठी एक प्रार्थना होती. उत्तरकाशीच्या धराली गावात वाहून गेलेल्यांसाठी एक. आणि जगाबद्दल एवढंच: 'जिथे जिथे युद्ध आणि अशांती आहे, तिथे शांती नांदावी म्हणून.' गावाचं नाव नाही, देशाचं नाही. कुणी खोडलंही नव्हतं. मुळात लिहिलंच नव्हतं. फादरांना विचारावं असं वाटलं, पण ते कबुलीजबाबाच्या खोलीत होते, आणि विचारणार तरी काय, की मागच्या खेपेला मी उडवलं ते या खेपेला तुम्ही का नाही घातलं?

दुसरं वाचन इब्रीकरांच्या पत्रातलं होतं. एवढ्या मोठ्या साक्षीदारांच्या मेघाने आपण वेढलेले आहोत, असं काहीसं त्यात येतं. बाहेरही मेघच होता, वीज गेली, जनरेटर धडधडत सुरू झाला, पंखे पुन्हा हळूहळू फिरायला लागले. मागे वळून पाहायचं नाही असं मनाशी म्हणत होते, आणि पाहिलं. शेवटच्या बाकावर कुणी अनोळखी नव्हतं. त्याचं हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. प्रवचन चालू असताना लाल पेन काढून 'अशांती आहे' याच्या डोक्यावर लिहिलं, 'गाझात, सुदानमध्ये, आपल्या मणिपूरमध्ये'. अक्षर वाईट आलं. बाकाच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं की पेन घरंगळतं.

वाचलं. 'आपल्या'पाशी आवाज जरा खाली गेला असावा, कारण माझा मलाच तो जनरेटरमध्ये मिसळल्यासारखा वाटला. लोक म्हणाले, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." धरालीसाठी म्हणाले होते तसंच, त्याच चालीत. फादरांनी डोळे उघडले की नाही ते मी पाहिलं नाही. जागेवर येऊन बसले तेव्हा शेजारच्या मावशी, पंच्याऐंशीच्या पुढच्या, एका कानाने कमी ऐकणाऱ्या, माझ्याकडे झुकल्या.

"मधलं काय म्हणालीस गं? माईक लांब होता."

मी त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"मग असं बोल की," त्या म्हणाल्या, आणि गाण्याच्या पुस्तकात पुढचं पान शोधायला लागल्या.